तिजोरीतले नाणे आणि दारातली मोटार

व्यापारी घरातला पैसा एका जागी फार काळ स्वस्थ बसत नाही. कापसाच्या आणि तुरीच्या हंगामात तो आडतीत असतो, दिवाळीपूर्वी कापडात आणि किराण्यात, लग्नसराईत सोन्यात. या फिरत्या पैशातून जे थोडे बाजूला पडते ते कोठे ठेवावे, हा प्रश्न मागच्या पिढीलाही होता आणि आजच्या पिढीलाही आहे. उत्तरे मात्र अलीकडे फार वेगळी येऊ लागली आहेत. घरातील वडीलधारी मंडळी लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या चांदीच्या रुपयांकडे बोट दाखवतात. तरुण मंडळी स्पोर्ट्स कारचे नाव घेतात आणि परदेशात अशा गाड्यांचे भाव कोटींनी वाढल्याचे दाखले देतात. दोन्ही पक्ष आपापल्या वस्तूला ‘गुंतवणूक’ म्हणतात. तो शब्द कोणाच्या बाबतीत किती खरा आहे, हे हिशेबाने तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम नाण्याचा विचार करू. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. त्या रुपयाला हाली सिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. साधारण ७ हाली रुपयांना ६ कलदार रुपये, असा त्यांचा भाव होता. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे नगर जिल्हा लागे आणि तो ब्रिटिश मुलूख होता. तिकडे माल पाठवणाऱ्या पेढीला दोन्ही चलनांचा हिशेब ठेवणे भाग होते. संस्थान विलीन झाल्यावर १९५० च्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने चलनातून गेला. म्हणूनच बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई येथील जुन्या घरांत चारमिनारचे चित्र असलेले रुपये आणि राणी छाप, राजा छाप कलदार एकाच पोटलीत सापडतात.

या पोटलीचे पहिले मोल धातूचे. चारमिनार छापाच्या जुन्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी सुमारे ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅमच्या आसपास. कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी असल्याने शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम भरते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. वजन तेवढेच राहिले, राजाची मुद्राही राहिली, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच उरली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तात्पर्य, ‘आमच्याकडे शंभर चांदीचे रुपये आहेत’ या वाक्याला अर्थ येण्यासाठी प्रत्येक नाण्यावरचे साल वाचावे लागते. नाणे दगडावर वाजवून घेण्याची जुन्या व्यापाऱ्यांची सवय याच सावधगिरीतून आलेली होती. ‘खणखणीत नाणे’ हा वाक्प्रचार त्याच सवयीची आठवण आहे.

दुसरे मोल दुर्मिळतेचे. येथे मोठा गैरसमज आहे. नाणे जुने आहे म्हणून ते दुर्मिळ ठरत नाही. राणी छाप रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. त्यांतील पुष्कळ आजही उपलब्ध आहेत आणि बहुतेकांना चांदीच्या भावाच्या थोडे वरच पैसे मिळतात. दुर्मिळता जन्मते ती विशिष्ट परिस्थितीतून. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. नाणी मागे घेण्यात आली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. म्हणून त्या सालच्या रुपयाला संग्राहक वेगळा भाव देतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्याहूनही दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात फिरतात. हाली रुपयातही चारमिनारच्या मधल्या कमानीत कोणते अक्षर आहे आणि हिजरी साल कोणते आहे, यावर फरक पडतो. महबूब अली खान यांच्या नाण्यांवर त्या जागी ‘मीम’ असते, तर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ‘ऐन’.

नाण्याचे मोल परिस्थितीवर आणि लोकांच्या विश्वासावर कसे उभे असते, याचा धडा बीडच्या इतिहासालाही जवळचा आहे. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाचा दात बीडजवळ पुरून त्यावर घुमट बांधला गेला, असे परंपरा सांगते. याच सुलतानाने चौदाव्या शतकात तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत, असे फर्मान काढले. लोकांनी घरोघरी नकली नाणी पाडली, बाजार कोसळला आणि अखेरीस सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली. जी नाणी तेव्हा कोणी व्यापारी हातात धरत नव्हता, तीच आज संग्राहक हौसेने विकत घेतात.

जगातील सर्वांत महाग विकल्या गेलेल्या नाण्यांची कथाही अशीच आहे. अमेरिकेने १९३३ साली २० डॉलरची ४ लाख ४५ हजार ५०० सोन्याची नाणी पाडली. पण सरकारने सोन्याचे चलन बंद केल्याने जवळजवळ सगळी वितळवली गेली. कायद्याने खासगी मालकीत राहू शकलेले एकच नाणे जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेले. ही बातमी वाचून पोटली उघडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की तो भाव त्या नाण्याच्या मागे असलेल्या विलक्षण योगायोगाचा होता.

मग घरातील नाण्यांचे करावे काय? सर्वांत आधी ती घासणे थांबवावे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, लिंबू किंवा पावडर लावून रुपये लख्ख करण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामुळे नाण्याचा मूळ पृष्ठभाग झिजतो, त्यावर काळाने आलेली छटा जाते आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल एकदम घसरते. पूजेसाठी अलीकडची चांदीची नाणी ठेवावीत. जुनी तशीच, कडेला धरून, कोरड्या कागदी पाकिटांत ठेवावीत. दुसरे काम म्हणजे ओळख पटवणे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. नाण्याच्या अभ्यासाला महाराष्ट्रात बैठक आहे, ती वापरली पाहिजे.

तिसरे काम सावधगिरीचे. ‘ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. वैष्णोदेवीच्या चित्राच्या नाण्यांबाबतही तसेच सांगितले जाते. समोरचा माणूस आधी नोंदणी शुल्क मागतो, नंतर कर मागतो आणि मग नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे प्रकार चालल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा केला: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि असे शुल्क ती कधी मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा ग्राहक आपल्या बाजारपेठेत कोणी खरा मानला नसता. मोबाइलवरही मानू नये.

आता मोटारीकडे वळू. परदेशातील दाखले खोटे नाहीत. मर्सिडीज कंपनीने १९५५ च्या सुमारास केवळ दोनच तयार केलेल्या एका शर्यतीच्या कूपे गाडीपैकी एक मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. फेरारीच्या २५० जीटीओ या गाड्या १९६० च्या दशकात अवघ्या ३६ बनल्या. त्यांची किंमत आज शेकडो कोटी रुपयांत आहे. मात्र या गाड्यांचे स्वरूप १९३३ च्या त्या नाण्यासारखे आहे. त्या मोजक्या आहेत, त्यांचा इतिहास लिहिलेला आहे आणि त्या रस्त्यावर जवळजवळ धावतच नाहीत. शोरूममधून उद्या घेता येईल अशी गाडी, कितीही वेगवान आणि कितीही महाग असली, तरी त्या वर्गात बसत नाही. तिची पुढची आवृत्ती दोन-तीन वर्षांत येतेच.

नव्या गाडीचे मोल कसे उतरते, हे पाहण्यासाठी विमा कंपन्यांचे कोष्टक पुरेसे आहे. विमा उतरवताना गाडीची घोषित किंमत ठरवण्याची रूढ पद्धत अशी: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. दोन कोटींची गाडी पाचव्या वर्षी विम्याच्या कागदावर एक कोटीची उरते. गेलेला एक कोटी साठ महिन्यांत वाटला, तर महिन्याला सुमारे १ लाख ६६ हजार रुपये होतात. आणि त्यात पेट्रोल, टायर, विमा, कर्जाचे व्याज यांतील काहीही धरलेले नाही.

मराठवाड्यात या विषयावरचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील मोठा भाग बँक कर्जाचा होता. देशभर त्याची चर्चा झाली. ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला त्याहून बरेच अधिक व्याज पडते, अशी टीकाही झाली. व्यापारी नजरेने पाहिले तर त्या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली: घाऊक खरेदी करून भावात सवलत मिळवली. शहराचे नाव देशात व्हावे, हा हेतूही त्यांनी सांगितला आणि तो साधला. परंतु वरील कोष्टक ढोबळपणे लावले, तर त्या ६५ कोटींचे पाचव्या वर्षी साडेबत्तीस कोटी होतात. मिळाली ती पत आणि प्रसिद्धी. तिचे मोल कोणाला किती वाटावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिला मत्ता म्हणून ताळेबंदात दाखवता येत नाही.

कायदाही गाडीकडे खर्च म्हणूनच पाहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्यावर राज्याचा मोटार वाहन कर. गाडी पेढीच्या नावावर घेतली तरी प्रवासी मोटारीवर भरलेल्या या कराची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. गाडी धंद्यासाठी वापरली तर आयकरात दरसाल १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे तिचे मोल उतरते हे सरकारने गृहीतच धरले आहे. आणि ती घरच्या वापराची असेल, तर विकताना झालेला तोटा कोठेही वजा करता येत नाही. शिवाय बीडच्या व्यापाऱ्याला आणखी एक साधी गोष्ट विसरून चालत नाही. धुळे-सोलापूर महामार्ग उत्तम आहे. पण महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागले की उसाच्या ट्रॉल्या आणि उंच गतिरोधक सुरू होतात, आणि जमिनीपासून चार बोटे उंच असलेली गाडी तेथेच अडते.

नाण्याच्या बाबतीत आयकराची दृष्टी वेगळी आहे आणि ती आपल्या घरांना फार जवळची आहे. महाराजराणा हेमंतसिंहजी या माजी संस्थानिकांनी सोन्या-चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी विकल्या. या वस्तू लक्ष्मीपूजनात ठेवल्या जात, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या आहेत आणि त्यांवर भांडवली नफ्याचा कर लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ते मान्य केले नाही. पूजेत ठेवल्याने नाणे अंगावरच्या वस्त्रासारखे वैयक्तिक वापराचे होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. म्हणून वडिलोपार्जित नाणी विकताना मिळालेली रक्कम हिशेबात घ्यावी आणि कर सल्लागाराला विचारूनच पुढे जावे.

आणखी दोन कायदे लक्षात ठेवावेत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला आठवण म्हणून राणी छाप रुपया बॅगेत घालून देणे हे अजाणता घडणारे उल्लंघन आहे. तसेच जुना वाडा पाडताना जमिनीत पुरलेला हंडा सापडला, तर १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वाडा आपला असला म्हणून हंडा आपोआप आपला होत नाही.

दोन्ही वस्तूंची खरी परीक्षा अडचणीच्या दिवशी होते. बँकेकडे गेल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या गाडीचे मोल दरवर्षी उतरते, तिच्यावर बँक आनंदाने कर्ज देते. ज्या नाण्याचे मोल वाढलेले असू शकते, त्याच्या दुर्मिळतेवर मात्र देत नाही, फार तर धातूचे मोल धरते. यात बँकेचा वेडेपणा नाही. गाडीला नोंदणी पुस्तक आहे, त्यावर तारणाची नोंद होते, आणि जुन्या गाडीचा भाव कोणीही चौकशी करून सांगू शकतो. दुर्मिळ नाण्याचा भाव सांगणारे जाणकार मोजके, ग्राहक त्याहून मोजके आणि लिलाव वर्षातून काही वेळाच. बँक वस्तूची थोरवी पाहत नाही. ती विकायची वेळ आली तर दार कोठे आहे, एवढे पाहते. व्यापाऱ्यानेही तेच पाहावे. खरेदीचा भाव सगळ्यांनाच ठाऊक असतो. विक्रीचा भाव, ग्राहक आणि लागणारा काळ ही तीन उत्तरे जवळ नसतील, तर त्या वस्तूला गुंतवणूक म्हणू नये.

या कसोटीवर नवी स्पोर्ट्स कार हा निखळ खर्च ठरतो. ऐपत असेल, कर्ज नसेल आणि मुलांना तिचा आनंद घ्यायचा असेल तर तो खर्च करायला हरकत नाही. फक्त त्याला दुसरे नाव देऊ नये. घरात आधीच असलेली जुनी नाणी ही मत्ता आहे. ती ओळखून, नोंदवून जपावी. नवी दुर्मिळ नाणी विकत घेणे हा मात्र अभ्यासाचा विषय आहे. ज्याला त्यात वर्षानुवर्षे रस आहे, त्याने बचतीतला लहानसा भाग त्यात घालावा. केवळ भाव वाढतो असे ऐकून घालणाऱ्याच्या हाती बहुधा चांदीच उरते, आणि कधी तीही निम्मी.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांची विभागणी तेथे सांगितली आहे: चार कोटी निधीत, चार कोटी व्यापार-व्याजात आणि चार कोटी घरसंसाराच्या साहित्यात. भगवान महावीरांकडे व्रत घेताना त्याने परिग्रहाचे परिमाण ठरवले. त्यात नाण्यांची मर्यादा होती तशीच वाहनांचीही होती. प्रवासासाठी पाचशे गाडे आणि मालवाहतुकीसाठी पाचशे गाडे, याहून अधिक नाही. एवढ्या मोठ्या सावकाराने निधी, धंदा आणि घर यांची खाती वेगळी ठेवली आणि वाहनाला निधीत मोजले नाही, ही गोष्ट आजच्या पेढीलाही मार्गदर्शक आहे.

तेव्हा दिवाळीला नवी वही उघडताना एक पान यासाठी राखावे. घरातील प्रत्येक जुन्या नाण्याची नोंद करावी: साल, छाप, वजन, छायाचित्र, कोणाकडून आले आणि कोणाच्या ताब्यात आहे. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणक महोत्सवानिमित्त २००१ साली निघालेले नाणे अनेक घरांत आहे. ते भावासाठी ठेवलेले नाही, म्हणून त्यापुढे किमतीचा रकाना रिकामा ठेवावा. गाडी घ्यायची ठरली तर तिची रक्कम, कर्ज आणि वार्षिक खर्च घरखर्च खात्यात लिहावा आणि घरातील स्त्रियांसह सर्वांनी ते पान वाचावे.

या नोंदीचा खरा उपयोग वाटणीच्या वेळी होतो. यादी नसलेल्या घरात नाणी तराजूत पडतात. एका भावाच्या वाट्याला गाडी येते, दुसऱ्याच्या वाट्याला दुकानाचा माल, आणि विधवा काकूच्या किंवा बहिणीच्या पदरात ‘चांदीचे काही रुपये’ वजनाने टाकले जातात. त्यांत एखादे दुर्मिळ नाणे असले तरी ते कोणालाच कळत नाही. पुढे ते सराफाच्या मुशीत जाते आणि चांदीच्या भावाने मोकळे होते. गाडीचा तोटा निदान ज्याने ती चालवली तो सोसतो. या नाण्याचा तोटा मात्र ज्यांना विचारलेलेच नसते, त्यांच्या वाट्याला येतो. तो टाळायला एक पान आणि एक दुपार पुरते.